शितोळेबाईंची मूठ

आमच्या बँकेच्या, बडोद्यातल्या मांजलपूरच्या शाखेत नवीन कोणी लागलं, की आठवड्याच्या आत त्याला शितोळेबाईंची गोष्ट कळते. चहाच्या वेळी कोणीतरी सांगतंच. बाईंनी खातेदाराला लाठीने कसा झोडपला, तो टेबलाखाली कसा शिरला, मॅनेजरसाहेब "बेन, बस करो, बस करो" म्हणत कसे भिंतीला चिकटले, सगळं हातवारे करून. ऐकणारा खो-खो हसतो आणि कामाला लागतो. मी तिथेच बसलेली असते, आणि माझा चहा निवून जातो. कारण ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी माझ्याशिवाय कोणाला धड ठाऊक नाही, आणि मला ती आजवर कोणी विचारलेली नाही. तर न विचारता सांगते. मला गप्प बसायची सवय तशीही नाही.

मी त्या शाखेत बदलून आले तेव्हा आधी बाईंचा शिक्का ऐकला आणि मग बाई पाहिल्या. बाई कागदावर शिक्का मारत नसत, कागदाला मारत असत. प्रत्येक शिक्क्याला शेजारच्या पेल्यातलं पाणी उडायचं. उंच बाई, रुंद खांदे, केसांचा गच्च अंबाडा, सुती साडीचा पदर सकाळपासून कमरेला खोचलेला. वरच्या ओळीतला समोरचा एक दात सोन्याचा. राग आला की जीभ त्या दातावर फिरायची. जीभ दाताला लागलेली दिसली, की अख्खी शाखा माना खाली घालून कामात बुडायची.

मी आपली नवखी. हातात फायलींचा गठ्ठा घेऊन विचारलं, "बेन, हे कुठे ठेवू?"

"बेन कोण? मी शितोळे. घरी काय बोलता तुम्ही?"

"मराठीच."

"मग बँकेत आल्यावर तोंडाला काय रोग झाला? आणि तो गठ्ठा ठेव तुझ्या डोक्यावर."

"डोक्यावर जागा नाही. तिथे आल्या-आल्या तुम्ही बसलात."

बाईंची जीभ दातावर गेली, तिथे थांबली, आणि मग बाई अशा हसल्या की बाहेर रांगेतली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. "ये गं नीले," त्या म्हणाल्या, "तुझं माझं जमेल." त्या दिवसापासून आम्ही डबा बरोबर खाल्ला.

बाई मूळच्या जुन्या बडोद्यातल्या. वडिलांचा आखाडा होता. मुलगा नाही, म्हणून त्यांनी हिलाच लाठी शिकवली, मुद्गल फिरवायला शिकवले. लहानपणी दोन-दोन मुलांना एका वेळी लोळवायची ही. आणि अशा मुलीचं लग्न लागलं ते गोड बोलणाऱ्या, रिफायनरीत चांगल्या पगारावर असलेल्या माणसाशी. तो तिला मारायचा. आमटी आळणी म्हणून मारायचा, पगार वाढला म्हणून मारायचा, शेजाऱ्याशी हसून बोलली म्हणून मारायचा. पुढचा दात त्यानेच पाडलेला.

मी फटकळ. मी विचारलंच, "बाई, तुम्हाला लाठी येत होती. मग खाल्लात कशाला इतकी वर्षं मार?"

वाटलं, आता डबा माझ्या अंगावर येणार. पण बाई शांतपणे लोणच्याची फोड चोखत राहिल्या. "पोहता येणारा पण बुडतो की, नीले. ढकलणारा घरचा असला की हातपाय हलतच नाहीत."

वडिलांकडे गेल्या, तर वडील म्हणाले, भांड्याला भांडं लागायचंच. बाईंनी भिंतीशी ठेवलेला एक मुद्गल उचलला, काखेत घातला आणि बसने सासरी परत आल्या. पुढच्या वेळी नवऱ्याने हात उगारला तेव्हा तो मुद्गल त्याच्या गळ्याच्या हाडावर उतरला. हाड मोडल्याचा आवाज बाई मला करून दाखवायच्या, कोशिंबिरीतली काकडी दाताखाली कडकन चावून. त्याच दिवशी त्यांनी नवरा सोडला आणि बापही सोडला. "तेव्हाच ठरवलं," त्या म्हणायच्या, "ह्यापुढे माझ्या अंगावर जो हात पडेल तो धड घरी जाणार नाही."

पण दातापेक्षा एक गोष्ट त्यांना जास्त सलायची. नवरा-बायकोचं जोडखातं होतं, त्यातून दर महिन्याला बाईंच्या पगारातली ठरलेली रक्कम कापून आरडीत जायची. आपली आवर्ती ठेव. ती त्याने एकट्याच्या सहीने काढली आणि भावाच्या लग्नात उडवली. बाई बँकेत नोकरीला, आणि बाईंनाच पत्ता नाही! "दात गेला तेव्हा रडले नाही मी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी रडले."

म्हणून असेल, नवरा-बायकोची जोडी खातं उघडायला आली की बाई दुसऱ्या कोणाच्या टेबलावर जाऊ द्यायच्या नाहीत. त्यांची एक ठरलेली रीत होती. दोघांना समोर बसवायचं आणि विचारायचं, "महिन्याला किती टाकायचे?" बायकोने उत्तर दिलं तर ठीक. बायकोने आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, की बाई ताबडतोब म्हणायच्या, "अहो मालक, ह्याची झेरॉक्स लागेल. आमचं मशीन बंद आहे. समोर दुकान आहे बघा."

मशीन ठणठणीत होतं. बाईंनीच त्याच्यावर फुलाफुलांची चादर घालून ठेवली होती. मालक रस्ता ओलांडून जायचे, आणि तेवढ्या वेळात बाई बायकोशी बोलून घ्यायच्या. पगार कोणाच्या हातात असतो? मारतो का? किती? समोरचा झेरॉक्सवाला महेशभाई दर दिवाळीला बाईंना मिठाईचा, घारीचा, डबा आणून द्यायचा. तेवढा धंदा त्याला समोरच्या शाळेनेसुद्धा दिला नसेल.

परत आलेल्या मालकाला बाई सांगायच्या, "जोडखातं राहू दे जसं आहे तसं. दोघांपैकी कोणाचीही सही चालेल, तुमची सोय. पण त्यातून ही जी आरडी काढताय ना, ती मोडायची तर दोघांच्या सह्या लागतील." आणि बायकोला, त्याच्यादेखत, स्वतःची मूठ आवळून दाखवायच्या. "सही म्हणजे मूठ. कधी उघडायची ते आपण ठरवायचं."

मांजलपुरात अशा किती मुठी बाईंनी आवळून दिल्या असतील! बाजारात बायका बाईंच्या पाया पडायच्या. बाई वस्सकन अंगावर जायच्या, "पाया काय पडतेस गाढवीसारखी, हप्ता चुकवू नकोस!"

सुनंदा आली ती अशीच. आमच्या शाखेजवळच्या शाळेत आया होती, पगार आमच्याकडे जमा व्हायचा. मूळची खानदेशची, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोरव्याला. नवरा दिलीप तिथेच एका कारखान्यात लेथवर. हाताला कसब होतं म्हणे, पण डोक्यात राख. खातं दोघांचं, पैसे तिचे आणि कार्ड त्याच्या खिशात, असा संसार. बाईंनी विचारलं, "महिन्याला किती टाकायचे?" सुनंदाने नवऱ्याकडे बघितलं. दिलीप झेरॉक्सला रवाना झाला.

"कशासाठी साठवतेस?" बाईंनी विचारलं.

"घरघंटी घ्यायचीय, बाई." सुनंदाने दाराकडे बघत बघत भराभर सांगितलं. "पादरा गावी माझी बहीण आहे. तिची पुढची खोली मोकळी आहे. तिथे घरघंटी ठेवली, चार घरचं दळण आलं की पोटापुरतं सुटतं. मग मी कोणाच्या बापाला भीत नाही. त्याला सांगितलंय, घराला रंग द्यायला साठवतेय."

"मग एकटीच्या नावाने काढ की आरडी."

"एकटीच्या नावाने काढली तर जीव घेईल माझा. दोघांचं नाव आहे म्हणून तर गप्प आहे."

"मग दोघांच्या सह्या," बाई म्हणाल्या, आणि सुनंदाचा उजवा हात धरून तिची बोटं एकेक करून मिटवली. "ही मूठ. कळलं?" सुनंदा पहिल्यांदा हसली. दिलीप परत आला तो धुसफुसत. "एवढं मोठं मशीन आहे तुमचं, झाकून काय ठेवलंय?"

"सुतक आहे त्याला," बाई म्हणाल्या आणि शिक्का हाणला.

वर्षभर हप्ते नीट गेले. सुनंदा पासबुक भरून घ्यायला आली की लांबूनच बाईंना मूठ दाखवायची. मग एक दिवस दिलीप एकटाच आला. मोटरसायकल घ्यायची होती. आरडी मोडायची होती.

त्या दिवशी बाईंना जो आनंद झाला तो मी कधी विसरणार नाही. इतक्या वर्षांनी समोर नवरा उभा आणि नियम बाईंच्या बाजूने! बाई खुर्चीतून उठल्या. रांग मोठी होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मोटरसायकल पाहिजे? बायकोच्या पैशाची? मेल्या, लेथवर हात चालतो तसा खिशात चालव की. तिच्या सहीशिवाय तुझा बाप आला तरी ही आरडी मोडणार नाही. जा, बायकोला विचारून ये. हात जोडून विचार!"

अख्खी रांग हसली. गुजराती काका-काकूसुद्धा हसले, भाषा न कळता. दिलीपने पासबुक घडी घालून खिशात ठेवलं आणि गेला. बाई दिवसभर खुशीत होत्या. मलाच काय ते त्याचं असं निघून जाणं बरं वाटलं नव्हतं. पण हे मी आत्ता म्हणतेय. तेव्हा बोलले नाही, कारण बाईंचं कधी चुकत नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

दोनेक दिवसांनी दोघं आली. पुढे दिलीप, मागे सुनंदा. सुनंदाचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"हिला सही करता येत नाही," दिलीप मॅनेजर शाहसाहेबांच्या टेबलाशी जाऊन म्हणाला. "डाव्या हाताचा अंगठा घ्या. चालतो ना? मी विचारून आलोय."

चालत होतं. सही करता येत नसेल तर साक्षीदारांसमोर अंगठा, हा नियमच आहे. शाहसाहेब गरीब माणूस, त्यांनी मान डोलावली. "चालशे, भाई. शितोळेबेन, जरा अंगूठो लई लो ने."

बाई आल्या. सुनंदाच्या समोर उभ्या राहिल्या. "कशाने झालं?"

"पडले."

"जिन्यात," दिलीप म्हणाला.

"गोरव्यात तुझी बैठी खोली आहे. जिना कुठून आणलास?" बाईंची जीभ दातावर गेली. "अहो मालक, आधारकार्डाची झेरॉक्स लागेल."

"नाही लागत. आणि लागत असली तर त्या मशीनवरची चादर काढा. मी काय खुळा आहे?" मग तो हसला. अगदी सावकाश, आम्हा सगळ्यांना ऐकवत म्हणाला, "मॅडम, तुम्हीच बोलला होता ना, बायकोला विचारून ये? विचारलं."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं चक्कर येतेय. त्या वळल्या, दाराशी गेल्या, आमचा चौकीदार राठवाभाई याच्या हातातली लाठी काढून घेतली आणि परत आल्या. पुढचं सगळे सांगतात तसंच आहे, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पहिला फटका पोटरीवर बसला आणि तो गुडघ्यावर आला. दुसरा पाठीवर. तो ओरडत टेबलाखाली शिरला, तर बाईंनी टेबलच उलथवलं. कागद, पेला, स्टॅम्पपॅड सगळं जमिनीवर. लाठी वर जायची आणि पोत्यावर पडावी तशी धप्प वाजायची. त्याच्या नाकातून रक्त आलं, फरशीवर शाई आणि रक्त एक झालं. बाई तोंडातून चकार शब्द काढत नव्हत्या. तेच सगळ्यात भयंकर होतं. शाहसाहेब भिंतीला चिकटले होते. कोणाची पुढे व्हायची छाती नव्हती.

पुढे झाली ती सुनंदा. प्लास्टरचा हात आडवा धरून तिने स्वतःला नवऱ्याच्या अंगावर टाकलं. लाठी तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"मारा!" सुनंदा किंचाळली. "मारा ना! मग घरी काय होणार ते ठाऊक आहे का तुम्हाला? ह्यातला एकेक फटका माझ्या अंगावर निघणार आहे! तुमचं काय जातं? तुम्ही शिक्का मारून मोकळ्या! तुमच्या त्या दोन सह्यांनी माझा हात मोडला, बाई. एकट्याची सही चालत असती तर पैसे गेले असते, हात राहिला असता!"

बाईंच्या हातातून लाठी पडली. ती घरंगळत राठवाभाईच्या पायाशी गेली, आणि त्यालाही ती उचलायचं सुचलं नाही. सुनंदाने डाव्या हाताने नवऱ्याला उठवलं आणि ती दोघं निघून गेली. अंगठा त्या दिवशी राहिलाच.

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात. बाईंना त्याच आठवड्यात निलंबित केलं. शाखेत पाऊल ठेवायची मनाई. दिलीपने पोलिसांत तक्रार केली नाही. केली असती तर बायकोच्या हाताचं निघालं असतं. बाई घरात बसून राहिल्या. फोन केला तर उचलायच्या नाहीत. मी जाऊन दार वाजवलं तर आतून म्हणायच्या, "मेली शितोळे. जा."

आणि एका दुपारी स्वतःच माझ्या दारात उभ्या. रविवार नव्हता, कुठलासा सण होता, बँकेला सुट्टी आणि कारखाने चालू. "गाडी काढ. गोरव्याला जायचंय. तो कामावर असेल."

ॲक्टिव्हावर मागे बाई, अशा आम्ही गोरव्याला पोचलो. सुनंदाने दार अर्धंच उघडलं. गालावर नवा वळ होता. आत या म्हणाली नाही.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते.

"मला माफी नको," सुनंदा म्हणाली. "माफी दळून खाऊ का? अंगठा मला द्यावाच लागणार. ह्या आठवड्यात नेतो म्हणालाय. पैसे जोडखात्यात पडले, की त्याच्या फोनवर मेसेज येणार आणि तिथल्या तिथे तो ते मित्राच्या खात्यात सरकवणार. तसं ठरलंय त्यांचं. सांगतो की मला तोंडावर. तेवढं थांबवता येत असेल तर बोला. नाही तर जा, शेजारीण बघतेय."

बाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. जीभ दातावर फिरत होती, पण हा नेहमीचा राग नव्हता, विचार चालला होता. एकाएकी माझ्याकडे वळल्या. "नीले, जोडखात्यावर कोणाची सही चालते?"

"दोघांपैकी कोणाचीही. तुम्हाला काय माहीत नाही?"

"कोणाचीही," बाई म्हणाल्या. "म्हणजे हिचीही. इतकी वर्षं मी तो नियम नवऱ्यांचाच धरून बसले, बघ. हिचा अंगठासुद्धा चालतो. जो आधी काढेल त्याचे पैसे." आणि सुनंदाला म्हणाल्या, "आरडी मोडायला अंगठा दे. रडत दे. त्याच वेळी खात्यातून पैसे काढायच्या स्लिपवर दुसरा अंगठा दे. ही नीला कॅशला बसते. पैसे घे, मागच्या दाराने नीघ. मागे रिक्षा उभी असेल. थेट पादरा."

"आणि तो? तो माझ्या शेजारी फोन हातात घेऊन उभा असेल ना!"

"त्याचे दोन्ही हात मी कामाला लावते."

येताना मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "बाई, परत लाठी नको. ह्या वेळी तुरुंगात जाल."

"तू तुझं नोटा मोजायचं मशीन चालू ठेव," बाई म्हणाल्या. "मोठ्याने वाजतं ते. बरं पडेल."

तो दिवस उजाडला. दोघं आली. दिलीप लंगडत होता, पण तोरा तसाच. शाहसाहेबांसमोर त्याने सही केली, सुनंदाने अंगठा दिला. खरंच रडली ती. "पाँच मिनिट लागशे," शाहसाहेब म्हणाले. दिलीप फोन काढून त्यात डोळे घालून उभा राहिला. मी काचेच्या आत पैसे काढायची स्लिप भरून तयार ठेवलेली.

आणि बाहेरून आवाज आला. "ए दिलप्या!"

शाखेच्या पायरीखाली, भर रस्त्यात, शितोळेबाई उभ्या. पदर खोचलेला, हात मोकळे. "बाईच्या हातचा मार खाऊन आलास ना परत? पाठ दाखव की लोकांना! अहो महेशभाई, या, बघा, टेबलाखाली रांगणारा पैलवान बघा! गोरव्यात माहीत आहे का रे, तू कसा रडलास ते? उद्या येते, सांगते तुझ्या कारखान्यात!"

लोक थांबायला लागले. कोणीतरी हसलं. दिलीपने फोन खिशात कोंबला आणि बाहेर धावला.

मी मशीन चालू केलं. शाहसाहेबांनी आरडी मोडल्याचा कागद माझ्याकडे सरकवला. सुनंदाने स्लिपवर दुसरा अंगठा उमटवला. साहेबांनी तिच्या प्लास्टरकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही प्रश्न न विचारता सही केली. मशीनमध्ये नोटा फडफडत होत्या, तरी बाहेरचा पहिला फटका मला ऐकू आला. मांसावर हाडाचा. मी मान वर करून बघितलं.

बाई मारत नव्हत्या. बाई मार खात होत्या.

तो दोन्ही हातांनी मारत होता. तोंडावर, छातीवर. बाई मागे रेलायच्या, परत सरळ व्हायच्या आणि परत काहीतरी बोलायच्या, की तो आणखी चवताळायचा. बाईंच्या दोन्ही मुठी आवळलेल्या, मांडीला घट्ट चिकटलेल्या. राठवाभाईला राहवेना. त्याने पुढे होऊन आपली लाठी बाईंसमोर धरली. बाईंनी नुसती मान हलवली, नको. महेशभाई दुकानातून धावत आला, तर बाई रक्ताच्या तोंडाने ओरडल्या, "कोणी मध्ये पडायचं नाही!" त्यांची माणसाला थोपवायची ताकद अशी की तो भर रस्त्यात थबकला. मग दिलीपच्या खिशातला फोन टुणकन वाजला. पैसे जमा झाल्याचा तो आवाज. तो क्षणभर थांबला, हात खिशाकडे गेला. आणि बाई त्याच्या तोंडावर थुंकल्या.

हात खिशातून परत बाहेर आला.

"बघू नका," मी सुनंदाला म्हटलं. "तुम्ही अजिबात बघू नका. हे घ्या, जा." पण ती बघत होती. डाव्या हातात पैशांची पिशवी छातीशी धरून ती उभीच राहिली. मी तिच्यावर खेकसले, "अहो, त्या तुमच्यासाठी मरतायत तिथे, जा ना!" तेव्हा ती वळली आणि मागच्या दाराने पळाली. रिक्षाचा आवाज मला आला. तो गल्लीच्या टोकाशी विरेपर्यंत मी मशीन बंद केलं नाही. मग दाराशी जाऊन ओरडले, "महेशभाई, धरा त्याला!" आणि चार-पाच जणांनी एकदम दिलीपला खाली पाडलं. पोलिसांची जीप यायला वेळ लागला नाही. भर रस्त्यात, इतक्या साक्षीदारांदेखत म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईला मारलेलं. बायकोच्या हाताचंही मग आपोआप निघालं.

बाईंना बँकेने परत घेतलं नाही. लाठीचं प्रकरण कागदोपत्री होतं, हे दुसरं कोण लिहिणार? पुढे बरीच वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. पीठ त्यांच्या घरी पादऱ्याहून यायचं, दर महिन्याला, बसच्या टपावरून नाही, सुनंदा स्वतः डबा मांडीवर घेऊन आणायची. बाई पीठ बोटांत चोळून बघायच्या आणि "जाडं दळलंयस" म्हणून तिच्या अंगावर ओरडायच्या. आता बाई नाहीत. पण बाई म्हटलं की मला ती नंतरची बाई दिसत नाही.

मला दिसते ती जीप. मागच्या बाकावर बाई बसलेल्या. अंबाडा सुटलेला, एक डोळा मिटलेला, ओठ इतके सुजलेले की बोलता येत नव्हतं. साडीचा पुढचा भाग लाल. मी पायऱ्या उतरून धावत गेले. त्यांनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि भुवई वर केली.

"गेली," मी म्हणाले. "पादऱ्याच्या रस्त्याला लागली. सगळे घेऊन गेली, बाई."

तेव्हा कुठे बाईंनी उजवी मूठ उघडली. तळव्यावर नखांच्या खुणा होत्या, आणि मधोमध तो सोन्याचा दात.